उलंगवाडीनंतर तुंगनाथ: प्रिम्युला बघायला जाणाऱ्यांसाठी

कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपली, तूर-हरभरा घरात आला की मृगापर्यंत आमच्या आर्वीकडे वावरात फारसं काम नसतं. हिमालयात प्रिम्युला डेंटिक्युलाटा हे जांभळं रानफूल फुलतं ते याच सुमारास. म्हणून एप्रिल संपता संपता गावातली आम्ही काही मंडळी उत्तराखंडात चोपत्याला जाऊन आलो.

नागपूरहून दिल्ली, पुढे हरिद्वार. तिथून पहाटेच गाडी धरा. रुद्रप्रयाग, उखीमठ करत चोपत्याला पोचेस्तोवर दिवस जातो. पोचल्या पोचल्या चढायला लागू नका. आपला चिखलदरा जेमतेम १,१०० मीटर, चोपता २,७०० च्या आसपास आणि तुंगनाथाचं मंदिर ३,६८० मीटरवर. दम लागतोच. एक रात्र चोपत्यात काढा.

चोपत्याहून मंदिराकडे जाणारी वाट फरसबंद आहे, चारेक किलोमीटरची. खाली लाल बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) फुललेला असतो. झाडं संपली की गवताळ उतार लागतात, तिकडे त्यांना बुग्याल म्हणतात. आपलं फूल तिथे.

ते तारखेवर भेटत नाही, बर्फाच्या मागे मागे वर सरकतं. जिथलं बर्फ नुकतंच वितळलंय, माती चिंब आहे पण पाणी तुंबलेलं नाही, तिथे शोधा. खालच्या उतारावर बहर ओसरला असेल तरी वर बर्फाच्या कडेला कळ्या सापडतात.

आखूड दांडा, त्यावर जांभळ्या फुलांचा झेंडूएवढा गेंद, बुडाशी दातेरी पानं. कोवळ्या भागावर पांढरी भुकटी असते. भिंग जरूर न्या. प्रत्येक फुलाच्या पिवळ्या डोळ्यात डोकावलं की काही रोपांत स्त्रीकेसराची हिरवट गाठ तोंडाशी दिसते, काहींत तिच्या जागी परागकोश असतात आणि गाठ आत खोल. एका रोपावर सगळी फुलं एकाच तऱ्हेची. या तऱ्हेचे पराग त्या तऱ्हेच्या फुलावर गेले तरच बी नीट धरतं. प्रिम्युलांच्या या दोन तऱ्हांवर डार्विनने १८६२ मध्येच निबंध लिहिला होता. आम्ही ओल्या गवतात पालथे पडून एकेक फूल तपासत होतो. इतकं सुख मला मंदिरापाशी पोचल्यावरही झालं नाही.

सोबतच्या काकूंनी विचारलं, “एखादं रोप नेऊ का अंगनात लावाले?” नेऊ नका. हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यातला आहे, रोप उपटायला बंदी आहे. आणि हिवाळाभर बर्फाखाली झोपणारं झाड आपल्या मे महिन्यात काय जगणार?

मंदिराची दारं एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला उघडतात. त्याआधी गेलात तर शांतता मिळेल, पण वाटेवरची दुकानं बंद असतात. खाणं-पाणी सोबत ठेवा. सकाळी सहालाच निघा, दुपारनंतर ढग येतात, गाराही पडतात. वाटेवर बर्फ असू शकतं, चांगली पकड असलेले बूट घाला. रोख पैसे जवळ असू द्या, मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. आणि फोटोसाठी बुग्यालावर आत शिरू नका, तिथल्या मातीतून नवे कोंब तेव्हाच वर येत असतात. वाटेच्या कडेलाच भरपूर फुलं आहेत.