गुद्रूननं नाव घेतलं नाही

व्हायकिंग काळातली मंद आचेवरची प्रेमकथा, असं सांगून मैत्रिणीनं दिलेली जाडजूड कादंबरी मी साठाव्या पानावर मिटली. नायक तिसऱ्यांदा पावसात भिजून अंगरखा काढत होता. एवढ्या थंडीत! मग हट्टानं मूळ माल शोधला: आइसलँडमध्ये तेराव्या शतकात कुणा अनामिकानं लिहिलेली लाक्सडेला सागा, इंग्रजी भाषांतरात.

गोष्ट सन 1000 च्या आसपासची. गुद्रूनच्या माहेराजवळ गरम पाण्याचं कुंड आहे. क्यार्तान तिथं वरचेवर येतो, कारण ही बाई हुशार आणि बोलायला पटाईत. सोबत सावलीसारखा त्याचा चुलतभाऊ बोल्ली, दोघं एकाच घरात वाढलेले. बस, एवढंच. ना उसासे, ना चोरटे स्पर्श.

गुद्रून काही अल्लड पोर नव्हे, तोवर तिची दोन लग्नं झालीत. पहिल्या नवऱ्यानं थोबाडीत मारली, तर हिनं त्याला खोल गळ्याचा सदरा शिवून घातला आणि 'हा बायकी कपडे घालतो' म्हणून काडीमोड घेतला. (मी इथं मोठ्यानं हसले.) दुसरा नवरा समुद्रात बुडाला.

क्यार्तान नॉर्वेला निघतो तेव्हा ती म्हणते, मलाही ने. तो म्हणतो, घरी तुझा म्हातारा बाप आहे, तीन वर्षं माझी वाट बघ. ती शब्द देत नाही. तिकडे राजा ओलाफ त्रिग्वासोन त्याला ओलीस ठेवतो, आइसलँडनं ख्रिस्ती व्हावं म्हणून. बोल्ली आधी परततो, राजाच्या बहिणीचं आणि क्यार्तानचं सूत जुळल्याचं गुद्रूनच्या कानावर घालतो, आणि मग स्वतःच मागणी घालतो. ती आढेवेढे घेते, पण बापापुढे तिचं चालत नाही. क्यार्तान परत येतो. राजाच्या बहिणीनं गुद्रूनला लग्नाचा आहेर म्हणून पाठवलेलं सोन्याच्या जरीचं शिरोवस्त्र शेवटी ह्रेफ्ना नावाच्या मुलीच्या डोक्यावर चढतं. पुढे ते चोरीला जातं, जाळलंही जातं.

आणि मग तो दिवस. गुद्रूनच पहाटे उठून भावांना आणि बोल्लीला पेटवते. बोल्ली पुढे येतो तेव्हा क्यार्तान शस्त्र टाकून देतो, आणि त्याच्याच मांडीवर जीव सोडतो. बोल्ली घरी येतो. ती म्हणते, मी बारा हात कापडाचं सूत कातलं, तू क्यार्तानला मारलंस. मूळ मापही कोपरापासूनचं, आपल्या हातासारखंच. ते पान मी दोनदा वाचलं. चाती फिरवताना तिच्या मनात काय चाललं होतं, ते सागा सांगत नाही. सूत तेवढं मोजते.

म्हातारपणी ती हेल्गाफेल्लला जोगीण होऊन राहते. मुलगा विचारतो, आई, तुझं सगळ्यात जास्त प्रेम कुणावर होतं? ती नवऱ्यांचे गुण सांगते, स्थळांची माहिती सांगावी तशी; पहिल्याला मात्र मोजतच नाही. तो पुन्हा विचारतो. तेव्हा म्हणते, ज्याच्यावर जीव होता, त्याच्याशीच मी सगळ्यात वाईट वागले.

रविवारी आई मटार सोलत होती, तिला हे सांगितलं.

"नाव घेतलं का तिनं?"

"नाही. लोक अजून वाद घालतात."

"मग बरोबर," आई म्हणाली, आणि शेंगांची पिशवी माझ्याकडे सरकवली.