भिंतीतली आणि भिंतीवरची

वांद्र्यातलं काम लवकर उरकलं की माझे पाय आपोआप हिल रोडवरून चॅपल रोडकडे वळतात. डोंबिवलीकराने खरं तर गर्दी वाढायच्या आत लोकल गाठायला हवी. पण या गल्लीत शिरलं की घड्याळाकडे बघवत नाही. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने थांबावं लागतं, एवढी अरुंद. कौलारू घरं, लाकडी गॅलऱ्या, अंगाबाहेर जिना, कोपऱ्यावर झेंडूचा हार घातलेला क्रूस. आणि भिंतींवर चित्रं.

इथल्या एका भिंतीवर 'अनारकली' आहे. १९५३ च्या चित्रपटाचं पोस्टर, बीना रॉय आणि प्रदीपकुमार. रंजीत दहिया या चित्रकाराने ते २०१२ च्या सुमाराला काढलं. दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे, सुरुवातीला घरांना चुना मारायचे. पुढे अहमदाबादेत डिझाइन शिकले आणि मुंबईत येऊन पुन्हा भिंतींकडेच वळले. वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोनच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके आहेत ना, तेही त्यांचंच काम. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस तिथे इमारतीएवढा होऊन बसलाय. फाळके स्वतः जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले, तेव्हा भिंत आवडली असती त्यांना.

पण माझा जीव अनारकलीवर. गोष्टीत जिला भिंतीत चिणलं, तिला इथे कुणीतरी भिंतीबाहेर काढलंय, तेही मोगलांच्या लाहोरपासून इतक्या दूर, ख्रिस्ती पाखाडीत. सलीमलासुद्धा हे सुचलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात गेले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. अनारकलीपासून थोडं पुढे एका घराच्या भिंतीवर बाईचा मोठा चेहरा आहे. कोणाचा ते मला ओळखता आलं नाही. पावसाने गालाचे पापुद्रे सुटले होते, आतून जुना निळा रंग दिसत होता. मोबाइल आडवा धरून मागे मागे सरकत होते, तोच गॅलरीतून आवाज आला.

"बाय, फोटो काड, पन ते कुंडीवर पाय देव नको!"

वर फुलाफुलांच्या गाऊनमध्ये, हातात सूप घेतलेली आजीच्या वयाची बाई. गळ्यात क्रूस. आंटी म्हणावं की मावशी, या गोंधळात माझ्या तोंडून निघालं, "अय्या, तुम्ही मराठी बोलता?"

"मंग काय पोर्तुगीज बोलू?"

कानाची पाळी गरम झाली. मला माहीत होतं की हो, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे इथलेच लोक, घरात मराठीच बोलणारे. नाव तेवढं इंग्रजी. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची पन्नाशी साजरी झाली तेव्हा त्यांनी ते घेतलं. नोकऱ्यांसाठी गोव्याकडून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे साहेबाला कळावं म्हणून. पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट इंडियन! वाचलेलं सगळं होतं, फक्त समोर मराठी ऐकल्यावर आठवलं नाही.

मावशी (ठरलं एकदाचं) खाली आल्या. कुंडी तुळशीसारखी दिसत होती, पण निघाला पुदिना. मी चित्राचं कौतुक केलं तर म्हणाल्या, आत येऊन बघ. आत म्हणजे स्वयंपाकघर. बाहेर ज्या भिंतीवर तो चेहरा होता, तिचीच आतली बाजू. फळीवर गडद तपकिरी बाटल्यांत बॉटल मसाला, म्हणजे ईस्ट इंडियनांचा खास मिश्र मसाला, गच्च भरलेला, आणि फळीखाली कमरेएवढी ओल. चुन्याच्या जुन्या भिंतीवर बाहेरून ऑइल पेंट चढला की आतलं पाणी बाहेर सुकत नाही, मग ते घरात येतं. चित्रकार पोरं चांगली होती, त्यांनी रीतसर विचारलं, मावशींनी त्यांना जेवायलाही घातलं. ओलीचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मी त्या भिंतीचे निदान चार फोटो तरी लोकांना पाठवले असतील. तिला मागची बाजू आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"रोज येतान पोरं-पोरी," मावशी बाटलीचं बूच दाबत म्हणाल्या. "नवरा-नवरी पन येतान, लग्नाआधी फोटो काडाला. माजे दारात उभे, आन मलाच बोलतान, आंटी, जरा बाजूला व्हा."

"मग पुसून का नाही टाकलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच कुंडीवर पाय दिलाय. मिस्टर गेले तेव्हापासून त्या घरात एकट्या. रात्री उशिरा गल्लीत कोणी धिंगाणा करत आलं तरी या घरापाशी आवाज उतरतो, असं त्यांचं म्हणणं. "ती बाय रातचे पन डोले उघडे ठेवते."

निघताना त्यांनी मसाल्याची एक छोटी बाटली हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत. मोतमाउलीची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची, जत्रा आठवड्यावर आली होती. जत्रा झाली की गवंडी येणार, सगळं प्लास्टर खरवडून नवं करणार, ओलीला दुसरा इलाज नाही. मी दाराबाहेर येऊन पुन्हा एकदा वर बघितलं. सुटलेला गाल, निळा रंग, शाबूत डोळे.

"म्हणजे ही जाणार?"

"बघते," मावशी म्हणाल्या. "गवंड्याला सांगितलंय, डोले सोडून मार काय ते शिमिट."