हाफ पँटचा हिशेब: गुडघ्याच्या वरची चार बोटं

हाफ पँट घेताना बहुतेक जण दुकानदाराला कंबरेचा आकडा सांगतात, रंग निवडतात आणि पिशवी घेऊन घरी येतात. पण पँट नीटनेटकी दिसणार की गबाळी, हे कंबरेवर फारसं अवलंबून नसतं. ती गुडघ्याच्या किती वर थांबते आणि तिची मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, किती घेराची आहे, या दोन मापांत निम्म्याहून अधिक काम होतं.

आधी नावांचा घोळ. आपल्याकडे दुकानात 'बरमुडा' मागितला तर होजिअरीची, नाडीची, घरात लोळायची पँट समोर येते. ज्या बेटांवरून हे नाव आलं, त्या बर्म्युडात मात्र उलटा प्रकार आहे. तिथे ती कचेरीत घालतात: वर ब्लेझर आणि टाय, खाली गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे आणि चामडी बूट. ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला त्यांचे खेळाडू बर्म्युडा घालून येतात, हिवाळी ऑलिम्पिकलासुद्धा. तिथला रूढ नियम असा की पँटची कड गुडघ्याच्या वर तीन इंचांपेक्षा जास्त जाऊ द्यायची नाही. तीन इंच म्हणजे साधारण आपली चार बोटं. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेवर आडवी चार बोटं ठेवा. कड त्या चार बोटांच्या आत कुठेही थांबली तरी चारचौघांत चालते. त्याच्या वर गेली की ती खेळाची किंवा समुद्रावरची पँट. गुडघ्याच्या खाली गेली की थ्री-फोर्थ, आणि थ्री-फोर्थमध्ये बुटका माणूस आणखी बुटका दिसतो, कारण पोटरीचा सगळ्यात जाड भाग नेमका कडेखाली येतो.

ऑनलाइन घेताना 'इनसीम' हा आकडा बघा. आसनाच्या, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथल्या, शिवणीपासून आतल्या बाजूने कडेपर्यंतची ही लांबी. बाजारात ५, ७, ९ आणि ११ इंच असे प्रकार मिळतात. ५ फूट ४ ते ५ फूट ८ उंचीच्या पुरुषाला ६-७ इंच, त्याहून उंच असेल तर ७ ते ९. ११ इंचांची पँट सहा फुटांच्या आतल्या माणसाला बहुधा गुडघा झाकते. आधीची एखादी बरी बसणारी हाफ पँट घरात असेल तर तीच टेपने मोजा, अंदाज बांधत बसू नका.

मोहरीचं माप मात्र बरेच जण बघतच नाहीत. कड जिथे येणार तिथे मांडीचा घेर मोजा आणि त्यात दोन ते तीन इंच मिळवा. मांडी १८ इंच असेल तर मोहरी २० ते २१. मापांच्या तक्त्यात हे माप पँट सपाट पसरून, एकाच बाजूचं दिलेलं असतं, म्हणजे तिथे १०.५ लिहिलं असेल तर घेर २१. मोहरी २५-२६ झाली की पाय घंटेतल्या लोलकासारखे दिसतात. मांडीइतकीच असेल तर बसल्यावर वळ उमटतात आणि उठताना पँट वरच अडकून राहते, मग चारचौघांत खाली ओढत बसावं लागतं.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभं राहून काहीच कळत नाही. तिथे बसून बघा. आधी खुर्चीवर बसल्यासारखं: कड दोन-तीन इंच वर जाणारच, ते धरून चाला. मग उकिडवं. मग शक्य असेल तर चक्क मांडी घालून. आपल्या घरांत अजून पंगत जमिनीवर बसते, पत्ते जमिनीवर रंगतात, आणि पाच इंची, रुंद मोहरीची पँट घालून मांडी घातली तर समोरच्याला काय काय दिसतं ते सांगायला नको. मांडी घालून बसायचंच असेल तर सात इंचांच्या खाली उतरू नका.

बसणी कुठे बिघडली आहे ते कापडच सांगतं. बाजूचे खिसे कानासारखे उघडे राहत असतील तर सीट, म्हणजे बसायचा मागचा भाग, घट्ट आहे. एक आकडा मोठी पँट घेऊन मग तिची कंबर आत घेण्यात अर्थ. पुढे जांघेपाशी आडव्या सुरकुत्या ताणल्या जात असतील तर आसन कमी पडतंय, आणि ते कुठलाच टेलर वाढवून देऊ शकत नाही. ती पँट तिथेच सोडा. मागे झोळ लोंबत असेल तर सीट सैल, हे दुरुस्त होतं. कंबर मागच्या शिवणीतून एक-दीड इंच आत घेता येते. दोन इंचांच्या वर घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात.

कापडात माझं मत स्पष्ट आहे: पहिली पँट घ्यायची तर सुती ट्विलची, म्हणजे ज्याला सगळे चिनो म्हणतात ती. २०० ते २५० जीएसएमचं (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) कापड असावं. त्याहून पातळ घेतलं तर खिशात फोन टाकताच पँट एका बाजूला झुकते (फोन कव्हरसकट दोनशे ग्रॅमच्या पुढे असतो), आणि पांढऱ्या-फिक्या रंगात आतला खिसा ठसठशीत दिसतो. दोन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलं तर बसायला सोपं जातं. त्याहून जास्त असेल तर काही महिन्यांत गुडघ्यावरची कड लाटेसारखी होते. लिनन मे महिन्यात सुखाचं, पण चुरगळणारच. ज्याला चुरगळणं खपत नाही त्याने लिननच्या वाटेला जाऊ नये. सिअरसकर हा प्रकार आपल्याकडे कमी घातला जातो, ही खरी चूक. त्याचं नाव फारसी 'शीर-ओ-शकर' म्हणजे दूध-साखर यावरून आलंय, कारण त्यात एक पट्टी गुळगुळीत आणि एक सुरकुतलेली असते. ती सुरकुतलेली पट्टी अंगाला चिकटत नाही, हवा खेळते, आणि इस्त्री लागत नाही. मुंबईच्या दमट हवेला याहून योग्य कापड शोधून सापडणार नाही.

रंगाचं थोडक्यात: नेव्ही, ऑलिव्ह, राखाडी, या तिघांत बहुतेक कपाट निघतं. खाकी घेतली तर वर पांढरा शर्ट नको. शाळेचा गणवेश तरी आठवतो, नाहीतर शाखा. संघाने २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी हाफ पँट सोडून तपकिरी फुल पँट घेतली, तरी लोकांच्या डोळ्यांतलं चित्र अजून जुनंच आहे. खाकीवर आकाशी, वाईन किंवा बारीक रेघांचा शर्ट घाला.

आता शर्टाची लांबी. बाहेर सोडलेला शर्ट चेनच्या मध्यावर संपायला हवा आणि त्याखाली निदान एक वीत पँट दिसायला हवी. लांब शर्ट आणि आखूड पँट एकत्र आले की माणूस पँट विसरून आल्यासारखा वाटतो. म्हणून कुर्त्याखाली हाफ पँट नको. शॉर्ट कुर्ताच हवा असेल तर तो कमरेखाली सहा-सात इंचांवर संपणारा निवडा.

जुनी फुल पँट कापून हाफ पँट करून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि अनेकदा सगळ्यात चांगला मार्ग, कारण कंबर आणि सीट आधीच तुमच्या अंगाची असते. कापड जिथे विरतं तो गुडघा आणि खालची कड, नेमका तोच भाग आपण टाकून देतो. पण इथे टेलरकडून एक चूक हमखास होते. फुल पँट मांडीकडून गुडघ्याकडे निमुळती होत जाते. कापून कड आत दुमडली की दुमडलेला भाग अरुंद आणि तो जिथे शिवायचा ती जागा रुंद. मग टीप मारताना कापड ओढलं जातं आणि कडेला बारीक चुण्या पडतात. उपाय असा: दुमडीच्या रेषेखाली दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून तेवढा भाग उलट्या दिशेने पसरट ठेवायचा, म्हणजे दुमडल्यावर तो वरच्या भागावर बरोबर बसतो. कापताना निमुळत्या रेषेतच सरळ खाली गेलं तर हे जमत नाही, म्हणून मास्तरांना आधीच सांगा.

माप असं द्या. पँट अंगात घालून, नेहमीच्या चपला-बुटांत उभं राहा, कड हवी तिथे खडूने खुणा करा. साध्या दुमडीसाठी खाली दीड इंच दाब, म्हणजे आत दुमडायचं जादा कापड, ठेवा. बाहेरून दिसणारा दीड इंची कफ हवा असेल तर दुप्पट म्हणजे तीन इंच, वर आतल्या दुमडीला अर्धा इंच, एकूण साडेतीन. मागची कड पुढच्यापेक्षा पाव ते अर्धा इंच खाली ठेवा. वाकलं की सीट कापड वर ओढते. पहिल्या कापणीत एक इंच जास्तच ठेवा, घालून बसून बघा, मग शेवटचं कापा. जीन्सची दोरे निघालेली कड हवी असेल तर कडेच्या वर अर्ध्या इंचावर एक टीप मारून घ्या, दोरे तिथपर्यंत येऊन थांबतात. टीप नसेल तर दर धुण्याला पँट थोडी थोडी आखूड होत जाते. कापल्यावर आतल्या खिशाचं कापड कडेखाली डोकावतंय का तेही बघा. डोकावत असेल तर खिसा आखूड करून शिवून घ्यायचा.

बायकांच्या हाफ पँटचं गणित थोडं वेगळं. कंबर वर असलेली, तीन ते पाच इंच इनसीमची पँट पाय लांब दाखवते, पण मग टॉप खोचलेला किंवा कमरेशीच संपणारा हवा. पिशवीचं तोंड आवळल्यासारख्या चुणीदार 'पेपरबॅग' कंबरेवर ढगळ टॉप सोडला की कमरेचं बोचकं होतं. पांढऱ्या पँटखाली पांढरी नव्हे, त्वचेच्या रंगाची अंतर्वस्त्रं. मांड्या घासत असतील तर रुंद क्युलॉट्स (स्कर्टसारखी घेरदार पँट) घ्या किंवा आत पाच-सात इंची सायकलिंग शॉर्ट्स घाला. ड्रेसखालीही हाच उपाय.

ऑफिसला शुक्रवारी चालत असेल तर नेव्ही किंवा राखाडी चिनो, पट्टा, खोचलेला शर्ट, लोफर आणि आत न दिसणारे मोजे. त्या मोज्यांना टाचेच्या आत सिलिकॉनची पट्टी हवी, नाहीतर दुपारपर्यंत ते पायाच्या तळव्यात गोळा होतात. पांढरे खेळाचे मोजे लोफरमध्ये नकोत. बाजूला मोठे खिसे असलेली कार्गो नकोच. समुद्रकिनारी लग्न असेल तर लिननची हाफ पँट आणि त्याच कापडाचं जॅकेट झकास दिसतं, पण मुहूर्ताला नव्हे, संध्याकाळच्या जेवणाला. गोव्याला जाणाऱ्यांनी बॅगेत एक फुल पँट किंवा लुंगी ठेवावी: मंगेशीला किंवा जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत.

दुचाकीवर हाफ पँट टाळा. उन्हात तापलेली सीट मांडीच्या मागे चटका देते आणि मागे बसणाऱ्याची पोटरी सायलेन्सरला लागते.

पावसाळी ट्रेकला मात्र ती फुल पँटपेक्षा बरी, फक्त सुती नको. ओली डेनिम किंवा ड्रिल दिवसभर वाळत नाही आणि जांघा सोलून निघतात. पावडरचे ओल्यात गोळे होतात. निघतानाच जांघेला व्हॅसलिन चोळा. नायलॉन किंवा पॉलिस्टरची, चेनचे खिसे असलेली पँट घ्या. करवंदाच्या जाळ्या, कुसळं, किंवा आंबोली-कोयनेच्या बाजूच्या जळवा असतील तिथे आत टाइट्स घाला. पळण्याच्या पँटला आत जाळी शिवलेली असेल तर वेगळी अंडरवेअर घालायची नसते. घासण्याचं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं. असल्या कापडाला धुताना कम्फर्टसारखं कापड मऊ करणारं काही घालू नका, त्याचा थर बसून घाम शोषणं बंद होतं.

सुती पँट उलटी करून, चेन लावून धुवा. वाळत घालताना कंबरेला चिमटे लावा आणि खिसे बाहेर काढून ठेवा. पावसात सगळ्यात शेवटी वाळतात ते खिसे, आणि कुबट वास येतो तो तिथूनच.