एस्टीम प्रोजेक्ट, पुढचा अपडेट: सीट बसली, बेल्ट मुद्दाम घेतले नाहीत

मागच्या अपडेटपासून सगळ्यांचा एकच प्रश्न, सीट कुठली टाकली आणि बेल्ट किती पॉइंटचे, म्हणजे किती ठिकाणी बांधलेले. तर सीट बसली. बेल्ट अजून घेतलेले नाहीत आणि ते पैसे नाहीत म्हणून नाही (म्हणजे पैसे नाहीतच, पण कारण ते नाही), तारखेमुळे. सविस्तर सांगतो, कारण बजेटमध्ये गाडी करणाऱ्यांचे पैसे नको तिथे जातात ते इथेच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, गाडी जुनी मारुती एस्टीम १.३ एमपीएफआय, आतून पूर्ण रिकामी, रोल केज (गाडी पलटली तरी छत दबू नये म्हणून आत वेल्ड केलेला पाइपांचा सांगाडा) आहे, वापर फक्त ऑटोक्रॉस (छोट्या आखलेल्या ट्रॅकवर वेळेशी शर्यत) आणि जमलंच तर नंतर क्लब लेव्हलची डर्ट रॅली. रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवर जाते. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत यातलं काही करू नका राव. तिथला ओरिजिनल बेल्ट, सीट आणि एअरबॅग एकमेकांचा हिशोब धरून बनवलेत, आणि केजच्या पाइपवर हेल्मेट नसलेलं डोकं आपटलं तर विषय संपला.

आता तारीख. एफआयए म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, तिची मान्यता असलेल्या सीटवर लेबल असतं, आपल्या बजेटमधल्या सीट बहुतेक ८८५५-१९९९ या स्टँडर्डच्या, त्यांची मुदत मॅन्युफॅक्चरिंगच्या तारखेपासून पाच वर्षं. पुढे कंपनीने तपासून नवीन लेबल लावलं तर अजून दोन वर्षं मिळू शकतात, पण त्यासाठी सीट इटलीला पाठवणार कोण आणि त्याचं भाडं भरणार कोण. त्याच्या वरचं स्टँडर्ड ८८६२-२००९, मुदत दहा वर्षं, पण किंमत बघून मी टॅब बंद केला. हार्नेसचं, म्हणजे रेसिंग बेल्टचं, आणखी कडक आहे, एफआयएच्या ८८५३-२०१६ वाल्या बेल्टवर सरळ वर्ष छापलेलं असतं, या वर्षानंतर चालणार नाही म्हणून, आणि ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपतं. एसएफआय या अमेरिकन संस्थेच्या १६.१ स्टँडर्डचे बेल्ट घ्यायला स्वस्त पडतात पण त्यांची मुदत बनवल्यापासून फक्त दोन वर्षं, आणि आपल्याकडे एसएफआय चालणार की एफआयएच लागणार हे प्रत्येक इव्हेंटच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये (त्या इव्हेंटच्या खास नियमांत) बघावं लागतं, गृहीत धरू नका.

म्हणजे बेल्ट आपण विकत घेत नाही, सीझनच्या हिशोबाने भाड्याने घेतो असं धरून चाला. उदाहरणाला गोल आकडे घेऊ. पंचवीस हजारांचा नवाकोरा एफआयए बेल्ट, पाच सीझन मिळाले तर सीझनला पाच हजार. तोच बेल्ट डीलरकडे दोन वर्षं पडून आहे म्हणून वीस हजारांना "ऑफर"मध्ये, उरले तीन सीझन, म्हणजे सीझनला सहा हजार सहाशेच्या वर. चौदा हजारांचा एसएफआय, दोन सीझन, सीझनला सात हजार. सगळ्यात स्वस्त दिसणारा सगळ्यात महाग निघाला ना. म्हणून डीलरला फोन केला की किंमत नंतर, आधी लेबलचा फोटो मागायचा. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याचा नंबर डिलीट.

आणि प्रोजेक्ट गाड्यांचं तर आपल्याला माहितीच आहे, दिवाळीपर्यंत होईल म्हटलेली गाडी पुढच्या दिवाळीला पण जॅकवरच असते. ग्रुपमध्ये एकाने उत्साहात सगळ्यात आधी लाल चकचकीत सहा पॉइंटचा हार्नेस मागवला, इंजिन उघडायच्या आधी, आणि गाडी पहिल्यांदा स्क्रुटिनीला (इव्हेंटआधीच्या तपासणीला) उभी राहिली तेव्हा बेल्टचं शेवटचं वर्ष चालू होतं. कपाटात ठेवलेल्या बेल्टची पण मुदत संपतच असते. त्यामुळे माझं ठरलंय, बेल्ट सगळ्यात शेवटी, इव्हेंटचं कॅलेंडर आलं आणि एन्ट्री भरायची वेळ आली की मगच ऑर्डर.

सीट मात्र आधी लागते, कारण सीटवर बसल्याशिवाय खांदा कुठे येतो ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय केजमधला हार्नेसचा आडवा पाइप वेल्ड करता येत नाही. मी तो पाइप मुद्दाम सोडून ठेवला होता. बरेच जण केजवाल्याला सगळं एकदम करायला सांगतात, मग पाइप खांद्याच्या खाली जातो. असं झालं की धक्क्यात बेल्ट खांद्याला खाली ओढतो आणि सगळा भार मणक्यावर. एफआयएचं म्हणणं असं की खांद्याचे पट्टे मागे आणि किंचित खाली जावेत, आडव्या रेषेपासून ४५ अंशांच्या वर अजिबात नाही, शक्यतो १० च्या आत. एस्टीममध्ये मागच्या सीटच्या ओरिजिनल पॉइंटला पट्टे बांधता येतील असं एक जण म्हणाला, येतील पण, पण पट्टा लांब होतो, आणि पट्टा जितका लांब तितका तो धक्क्यात जास्त ताणला जातो, म्हणजे डोकं तितकं जास्त पुढे. पाइप जवळ असलेला बरा.

आता सीट निवडताना काय काय बघितलं ते. आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला जे "बकेट सीट" मिळतात, रेक्झिन मस्त, शिलाई लाल, पाठ मागे झोपते, लोगो पण एकदम ओरिजिनलसारखा, त्यांच्यावर कुठलंच होमोलोगेशनचं (अधिकृत मान्यतेचं) लेबल नसतं. ते शोचं सामान आहे. फायबरची असेल तर एका हाताने पाठीची कड धरून वाकवून बघा, चांगल्या सीटची कड हलत नाही. या सगळ्यात स्वस्तात खरी एफआयए सीट हवी असेल तर ट्यूब फ्रेमवाली, म्हणजे आत स्टीलच्या पाइपचा सांगाडा, वर फोम आणि कव्हर. स्पार्कोची स्प्रिंट, ओएमपीची टीआरएस या त्याच जातीतल्या. फायबरग्लास शेल हलकं आणि जास्त कडक असतं पण किंमत लगेच वर उडी मारते, आणि आपल्या गाडीत चार किलो वाचवायला एवढे पैसे देण्यापेक्षा मी स्वतः चार किलो कमी केलेले बरे असं घरून पण सांगण्यात आलंय.

ब्रँडपेक्षा कंबर महत्त्वाची. यावर जास्तच लिहितोय कारण सगळे इथे घाई करतात. सीटमध्ये बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूला फार तर बोटं जातील एवढीच जागा हवी, पण बरगड्यांना दाबायला नको. जीन्सवर बसून बघू नका, रेसिंग सूट घालून बसा, हेल्मेट पण घाला. हेल्मेट घातल्यावर सीटचा वरचा भाग डोकं पुढे ढकलतोय का ते बघा, ढकलत असेल तर मान दहा मिनिटांत बोंबलते. हॅन्स (धक्क्यात मान सांभाळणारी, हेल्मेटला जोडायची कॉलर) वापरणार असाल तर ते लावूनच बसा. स्टीअरिंगसाठी जुनी पद्धतच बरोबर, खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे. मी मित्रांच्या गाड्यांमधल्या सीटवर बसून बसून शेवटी स्प्रिंट फायनल केली, नवी, लेबल ताजं. सेकंडहँडमध्ये एक फायबर शेल जवळजवळ निम्म्या किमतीला मिळत होतं पण मुदतीचं दीडच वर्ष उरलेलं, शिवाय ती गाडी पलटी झाली होती का हे विचारल्यावर समोरचा म्हणाला, "तसं काही मोठं नाही झालं दादा." तसं काही मोठं नाही म्हणजे झालंय. फायबरमधली चीर कापडाखाली दिसत नाही.

मुदत संपलेल्या सीट आणि बेल्ट फेकू नका हं, सिम रेसिंगवाली, म्हणजे कॉम्प्युटरवर रेस करणारी पोरं त्यांच्या रिगसाठी आनंदाने घेतात. फक्त विकताना स्पष्ट सांगा आणि जमलं तर लेबल कापून टाका, नाहीतर तीच सीट फिरून कोणाच्या तरी खऱ्या गाडीत बसायची.

माउंटिंगचा किस्सा ऐका. एफआयएचे आकडे साधे आहेत, प्रत्येक सीटला कमीत कमी चार पॉइंट, बोल्ट कमीत कमी ८ मिमीचे, ब्रॅकेट स्टीलचं असेल तर ३ मिमी आणि अॅल्युमिनियमचं असेल तर ५ मिमी जाड, आणि पत्र्याला जिथे पकडतं तिथे प्रत्येक पॉइंटला खालून पट्टी देऊन ४० चौरस सेंटिमीटर तरी संपर्क. आमच्या फॅब्रिकेटरला हे सगळं कागदावर लिहून दिलं, तो हो हो म्हणाला, ब्रॅकेट सुंदर करून आणले, काळा पावडर कोट वगैरे. व्हर्नियर लावलं तर कोटसकट २.२. मी म्हटलं, मामा हे तीनचं नाहीये. तर म्हणे, "अहो दोनचा पत्रा हाय पण लई कडक, ट्रॅक्टरच्या सीटला ह्योच लावतो, काय होत न्हाई." ट्रॅक्टर कुठे उडी मारून उतरतो मामा. वाद न घालता ३ मिमीचा पत्रा मीच दुकानातून आणून दिला, कापून, वाकवून घेतला, कोपऱ्यात तिरकी पट्टी टाकायला लावली, आणि पावडर कोट नंतर, आधी वेल्ड दाखवायचा असं सांगितलं. जास्तीचा खर्च सगळा मिळून हजाराच्या आतला. एवढी महागडी सीट आणि ती उभी दोन मिमी पत्र्यावर, याला काय अर्थ.

स्लायडर रेल टाकली नाही. गाडी मी एकटाच चालवतो, स्वस्त रेलला खेळ असतो, तो कालांतराने वाढतो, आणि फिक्स माउंट हलकं पण पडतं. बोल्ट १०.९ ग्रेडचे घेतले, डोक्यावर मार्किंग बघून, सुट्टे मिळणारे बिनमार्किंगचे नाही. साइड माउंटचा बोल्ट किती लांब ते पण मोजा, जास्त लांब घेतला तर सीटच्या आत टोचतो, कमी घेतला तर दोन-तीन आट्यांवर सगळं लटकतं.

बेल्ट घेतले नसले तरी त्यांचे पॉइंट करून ठेवलेत. सहा पॉइंटचे घेणार, चारचे नाही. चार पॉइंटमध्ये खांद्याचे पट्टे आवळले की बकल वर ओढलं जातं, कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो, आणि समोरून धक्का बसला की माणूस खालून सटकतो, पट्टा पोटात घुसतो. मांड्यांमधले दोन पट्टे बकलला खाली धरून ठेवायलाच असतात. कमरेचा पट्टा सीटच्या कडेवरून नाही, भोकातून गेला पाहिजे आणि जांघेच्या घडीत बसला पाहिजे. आणि कुठलाच पट्टा सीटला किंवा सीटच्या ब्रॅकेटला बांधायचा नाही, सगळे बॉडीला किंवा केजला, हे एफआयएने सरळ मना केलंय तरी अजून गाड्यांमध्ये दिसतं. आयबोल्ट (पट्टा अडकवायचे कडीवाले बोल्ट) बहुतेक ७/१६ यूएनएफ, म्हणजे इंची आट्याचे येतात, मिमीचा नट जबरदस्तीने फिरवू नका, आटे जातील. फ्लोअरला प्लेट वेल्ड करून नट आधीच बसवून घेतलेत, तात्पुरते टेपने झाकलेत, नाहीतर मुरुमाची धूळ आत जाते.

धुळीवरून आठवलं, फिरवून उघडायच्या बकलमध्ये धूळ गेली की एअर मारा, तेल नका मारू, तेलाला धूळ आणखी चिकटते. पट्टे कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवायचे, गाडी उन्हात उभी असेल तर झाकून ठेवायचे, यूव्हीने पट्टा कमजोर होतो. जोरात आपटलेल्या गाडीतले बेल्ट लेबल कितीही नवं असो, परत वापरायचे नाहीत.

आता पुढचं काम म्हणजे मी सीटमध्ये बसून हार्नेस पाइपची उंची मार्क करायची, मग वेल्ड, मग रंग. डाव्या सीटचे फक्त माउंटिंग पॉइंट करून ठेवतोय, सीट घेत नाहीये, ऑटोक्रॉसला को-ड्रायव्हर नसतो आणि रॅलीचं नक्की होईपर्यंत त्या सीटची पाच वर्षं उगाच कशाला चालू करायची. बेल्टसाठी सध्या दोन इंची आणि तीन इंची खांदापट्ट्यांमध्ये अडकलोय, हॅन्सवर दोन इंची नीट बसतो असं वाचलंय, कोणी दोन्ही वापरले असतील तर सांगा, आणि ऑर्डर केल्यावर हातात आलेल्या बेल्टवर कुठलं वर्ष होतं ते पण लिहा.