कण्हेरीवरची हिरवी अळी

जुन्या बॅचवाल्यांना आठवत असेल, आपल्या शाळेत पाण्याच्या टाकीपासून पार मागच्या गेटपर्यंत गुलाबी कण्हेरीची रांग होती. १९८८ साली मी आठवीत. गणपतीची सुट्टी संपवून आलो तर कोवळी पानं सगळी फस्त, नुसते देठ, आणि त्यावर बोटाएवढ्या गुळगुळीत हिरव्या अळ्या, शेपटीला पिवळं शिंग. एकाने काडी लावली तशी अळीने डोकं आत ओढलं, मान फुगवली आणि दोन निळे-पांढरे डोळे वटारल्यासारखे दिसले, आम्ही साप साप करत मागे. कोणीतरी चप्पल उचलली तेवढ्यात शास्त्राच्या बाई आल्या. "मारू नका रे, डोळे नाहीत ते, ठिपके आहेत, पक्ष्यांना घाबरवायला."

बाईंनी एक अळी काचेच्या बरणीत ठेवली, खाली माती आणि पालापाचोळा. रोज पाला आणायचं काम माझं. कण्हेरीचा चीक विषारी, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही ही सक्त ताकीद. तिला मात्र त्या विषाचं काहीच नाही! तगर, सदाफुली पण खायची, जास्वंदीला तोंडसुद्धा लावलं नाही. मग एक दिवस रंग तपकिरी झाला, दिवसभर बरणीत फिरली आणि पाल्याखाली जाऊन कोष केला.

साधारण दोन आठवड्यांनी प्रार्थनेच्या आधी बघतो तर काडीला पतंग लटकलेला. गर्द हिरवा, मध्ये गुलाबी पट्टे, पांढरट नागमोडी रेषा, असे रंग मी तोपर्यंत कशावरच बघितले नव्हते. पंख पसरल्यावर बाईंनी लांबूनच फूटपट्टी धरली, साडेनऊ सेंमी. संध्याकाळी कण्हेरीवर सोडला तर पानांत असा मिसळला की दिसेना, अंधार पडताना उडाला, बाई म्हणाल्या आता हा फुलासमोर हवेतच थांबून लांब सोंडेने मध पिणार.

दुसऱ्या दिवशी जगाचा नकाशा लावून बाईंनी हा पतंग कुठे कुठे असतो ते दाखवलं, आफ्रिका, पश्चिम आशिया, आपला भारत, आणि उन्हाळ्यात हा उडत उडत थेट युरोपपर्यंत जातो. आमच्या कंपाउंडवरचा किडा! पुढे वाचनात आलं की १९७४ पासून तो हवाईतही आहे.

आता तिथे पेव्हर ब्लॉक आलेत, कण्हेर नाही, बघून वाईट वाटलं. आमच्या सोसायटीच्या गेटवर गुलाबी कण्हेर आहे, फांदी लावली की येते. जूनमध्ये दहा-बारा फांद्या घेऊन येतो, मागच्या गेटपाशी थोडी जागा तेवढी ठेवा.