हरवलं की चोरीला गेलं?

जर्मनीत हरवलेली वस्तू परत मिळते, हे तुम्ही ऐकलं असेल. माझा अनुभव विचाराल तर ते बव्हंशी खरं आहे. हिवाळ्यात रस्त्यात पडलेला लहान मुलाचा हातमोजा कुणीतरी उचलून कुंपणाच्या टोकाला अडकवून ठेवतं, आणि दोन दिवसांनी तो तिथेच असतो. इथल्या समाजाची ही बाजू मला मनापासून आवडते. पण याच भरवशावर आपली मुलं एका जागी हमखास फसतात. ती जागा म्हणजे खेळाच्या हॉलमधली कपडे बदलायची खोली.

इथे संध्याकाळचा खेळ चालतो तो बहुतेक वेळा शाळेच्या व्यायामशाळेत. शाळा सुटली की तोच हॉल वेगवेगळ्या क्लबांना मिळतो. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, टेबल टेनिस. कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकं आणि भिंतीवर खुंट्या, एवढंच. लॉकर नसतातच. उशिरा येणाऱ्यांसाठी बाहेरचं दार बऱ्याचदा उघडंच ठेवलेलं असतं. सगळे दीड-दोन तास कोर्टवर, आणि आत वीस-पंचवीस जणांचे कोट, पाकिटं, फोन. चोराला काही फोडावं लागत नाही. खांद्याला खेळाची बॅग लावून तो आत शिरला, तर त्याला कोण अडवणार? क्लबात रोज नवीन चेहरे येतच असतात.

आमच्या क्लबात शिकायला आलेला एक मराठी मुलगा आहे. त्याचं पाकीट असंच गेलं. खेळून आला तेव्हा कोट खुंटीवर जसाच्या तसा होता, खिशाची चेन नीट ओढून बंद केलेली. त्यामुळे चोरीचा विचारच त्याच्या मनात आला नाही. ट्राममध्ये पडलं असेल, घरीच राहिलं असेल, असं म्हणत तो बुटांत, बाकाखाली, न्हाणीघरात शोधत राहिला. चेन बंद करण्यामागचा हिशोब हाच असतो. आपण शोधत बसतो आणि तेवढ्या वेळात कार्ड वापरून होतं. शेजारच्या कोटातूनही काहीतरी गेल्याचं कळलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

पाकीट जागेवर नाही म्हटल्यावर आधी शोधू नका, आधी कार्ड बंद करा. त्यासाठी ११६ ११६ हा एकच नंबर पाठ असू द्या. जर्मनीतून तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, आणि बहुतेक बँकांची कार्डं तिथून बंद करता येतात. पण एवढ्याने काम पुरतं होत नाही, आणि हे इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. इथल्या बँकेचं डेबिट कार्ड काही दुकानांत पिन न विचारता, नुसत्या सहीवर चालतं. बँकेने कार्ड बंद केलं तरी सहीचा हा रस्ता उघडा राहू शकतो. तो बंद होतो पोलिसांकडून. चोरी नोंदवताना ‘कुनो’मध्ये, म्हणजे अशी कार्डं दुकानांत अडवणाऱ्या यंत्रणेत, कार्ड टाका, असं स्पष्ट सांगायचं. मग पोलीस ती माहिती तिकडे पाठवतात. न सांगता ते होईलच, असं धरून चालू नका.

पोलीस ठाण्यात आम्हाला पहिला प्रश्न आला तो हाच: हरवलं की चोरीला गेलं? उत्तर जपून द्यायला हवं. नवखी मुलं भीतीपोटी किंवा भाषेच्या अडचणीमुळे ‘हरवलं’ म्हणून मोकळी होतात. तसं म्हटलं की प्रकरण सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयाकडे जातं, गुन्हा नोंदला जात नाही, आणि विम्याच्या दाव्याला आधार उरत नाही. शंका चोरीची असेल तर चोरीच सांगा. गेलेल्या वस्तूंची यादी लगेच करून एक प्रत पोलिसांना आणि एक विमा कंपनीला द्यायची. अर्थात, घरगुती विमा असला तरी खुंटीवरून उचललेल्या वस्तूचे पैसे सहसा मिळत नाहीत. तो विमा असतो घरफोडीसारख्या चोरीचा, म्हणजे काहीतरी फोडलेलं असावं लागतं. जिममध्ये तुमच्या कुलपाचा लॉकर फोडला, तर पॉलिसीप्रमाणे भरपाई मिळू शकते. इथल्या बऱ्याच जिममध्ये कुलूप स्वतःचंच न्यावं लागतं, तेव्हा चांगलं जाड घ्या. पोहण्याच्या तलावावर लॉकरची किल्ली मनगटावर असते आणि तिच्यावर नंबर असतो. ती बाकावर काढून ठेवू नका.

‘सामानाला आम्ही जबाबदार नाही’ ही पाटी सगळीकडे दिसते आणि माणूस ती वाचून गप्प बसतो. पण जाणूनबुजून केलेल्या नुकसानीची किंवा घोर निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील अटींनी झटकता येत नाही, असं इथला कायदा सांगतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घराच्या किल्लीची. इथल्या इमारतींत अनेकदा एकाच किल्लीने मुख्य दार, तळघर आणि आपलं घर उघडतं. ती पत्त्यासकट चोराच्या हाती लागली, तर घरमालक सगळ्या इमारतीची कुलपं बदलायची भाषा करतो, आणि तो आकडा ऐकून विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ मध्ये असा निकाल दिला आहे की कुलपं खरोखर बदलली असतील तरच भाडेकरूकडून तो खर्च मागता येतो, नुसत्या अंदाजपत्रकावर नाही. हे माहीत असलेलं बरं. शिवाय आपल्या हातून झालेलं दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा जो वैयक्तिक विमा इथे बहुतेक जण काढतात, त्यात किल्ली हरवण्याचं कलम आहे का, हे आजच बघून ठेवा.

निवास परवान्याचं कार्ड गेलं तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विनाविलंब कळवावं लागतं, आणि नव्या कार्डासाठी पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. त्या मुलाचा जीव तेवढ्यातच अडकला होता. वीस-तीस युरोंचं त्याला काही नव्हतं.

काही दिवसांनी त्याला शहराच्या त्या सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयाचं पत्र आलं. चोराने रोकड काढून घेऊन पाकीट झुडपात भिरकावलं होतं, आणि फिरायला निघालेल्या कुणीतरी ते उचलून तिथे नेऊन दिलं होतं. निवास परवाना, विद्यापीठाचं कार्ड, आईबाबांचा फोटो, सगळं आत. दहा युरोंहून जास्त किमतीची वस्तू सापडली आणि मालक माहीत नसेल, तर ती कळवणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि सहा महिन्यांत मालक मिळाला नाही तर ज्याला ती सापडली त्याची होते. देऊन टाकणाऱ्यालाही हक्काचं बक्षीस आहे: ५०० युरोंपर्यंतच्या किमतीवर ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर ३ टक्के.

आता रिकाम्या पाकिटाचे ५ टक्के किती धरायचे, असं त्याने विचारलं. त्याचीही सोय कायद्यात आहे. ज्या वस्तूची किंमत फक्त मालकालाच असते, तिथे बक्षीस न्यायाला धरून ठरवायचं. त्याने वीस युरो आणि एक चिठ्ठी लिफाफ्यात घालून कार्यालयाकडे दिली. चिठ्ठीचं जर्मन आम्ही दोघांनी मिळून तपासलं.