नागरमोथा: तेल सुटलं, आता मिठाचं काय करू?

मंडळी, नागरमोथ्याची मुळं पाण्यात उकळून, वाफ गार करून तेल काढतोय, ते एकदाचं पाण्यापासून सुटलं. मागच्या वेळी वाफेतून उतरलेल्या पांढरट पाण्याच्या बरणीचा फोटो टाकला होता, त्यावर ‘थांब, तेल आपोआप वर येईल’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. येत नाही. कितीही थांबा. शेजारच्या काकू तर बरणी बघून ‘काय रे, ताक घुसळतंस?’ विचारून गेल्या.

गोची अशी की ह्या तेलाची घनता पाण्याच्या अगदी जवळ. वाळ्याचं दुखणंही तेच. लवंगेचं तेल मुकाट तळाला बसतं, गवती चहाचं वर तरंगतं, हे मात्र अधांतरी. त्यात कंडेन्सर (वाफ गार करणारी, पाण्याच्या पिंपात बुडवलेली वेटोळ्याची नळी) गारेगार ठेवला की तेल घट्ट होऊन वेटोळ्याला आतून चिकटतं. जे खाली उतरतं ते इतक्या बारीक थेंबांत, की पाणी त्याला सोडतच नाही. ‘कंडेन्सर जेवढा गार तेवढा चांगला’ हा सल्ला फुलांना ठीक आहे, मुळांना नाही, असं माझं आता ठाम मत झालंय.

म्हणून ह्या खेपेला पिंपात बर्फ नाही. पाणी बदलायचं ते इतकं सावकाश, की नळीतून पडणारी धार हाताला चांगली कोमट लागावी. थर्मामीटरवर ४५ अंशांच्या आसपास ठेवली. तापल्यावर तेल पाण्यापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे तेवढं हलकं होतं. शिवाय पातळ होतं, आणि थेंबाला थेंब मिळतो. सेपरेटरसुद्धा (तेल आणि पाणी वेगळं करायचं भांडं) गरम पाण्याच्या पातेल्यात उभा केला. खाली नारळाच्या सोडणांचा मंद जाळ, झाकणाच्या फटीला नाचणीच्या पिठाचा लेप (गव्हाच्या कणकेपेक्षा कमी तडकतो, करून बघा). दिवेलागणीला सेपरेटरच्या गळ्याशी तपकिरी कडं धरलं होतं. बांगडीएवढं रुंदही नाही, पण तासभर मी तिथून हललो नाही.

वास? कागदाच्या पट्टीवर आधी ओली माती आणि काष्ठौषधींच्या दुकानातला तो औषधी दर्प, मग मिरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं धुरकट लाकूड. उदाच्या (अगरूच्या) नकली अत्तरांत हे तेल का घालतात ते पट्टी शिळी झाल्यावरच कळतं. मिरीची झाक रोटंडोन नावाच्या रेणूची असावी. त्याचं नावच मुळी सायपेरस रोटंडसवरून, म्हणजे आपल्या शेतातल्या लव्हाळ्यावरून पडलंय. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझ वाइनमधला मिरीचा वास ह्याच रेणूचा असल्याचं दाखवलं. वास घेणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो अजिबात आला नव्हता. आमच्या भावोजींना पट्टी दिली तर म्हणाले, ‘माती आहे, मिरी कुठाय?’

तरी बरंचसं तेल पाण्यातच राहिलं. मग मीठ. शिरोडा आम्हाला जवळ, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं तेच शिरोडा, त्यामुळे खड्या मिठाला तोटा नाही. मिठाने भरगच्च झालेल्या पाण्याची घनता १.२ पर्यंत जाते, तेल झक मारत वर येतं. समुद्राच्या पाण्याची १.०२५, फुकटात भागेल असं वाटलं होतं; पण त्याला खाजणाचा वास, तो पाण्यात आणायला नको.

मीठ घातलं, तेल आलं, आणि नवीन कटकट उभी राहिली. हे पाणी परत डेगेत (मुळं उकळायच्या तांब्याच्या भांड्यात) ओतून कोहोबेशन, म्हणजे तेच पाणी पुन्हा उकळून उरलेलं तेल काढायचा बेत होता. खारं पाणी तांब्याच्या डेगेत उकळायचं म्हणजे तांबं खायला घालणं. आणि उटण्यासाठी मागून ठेवलेलं पाणीही गेलं.

खरं तर पुढची खेप फक्त गरम सेपरेटरवर करून शेवटच्या बरणीलाच मीठ लावणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय: कनौजचे अत्तरवाले भपक्यात (वाफ उतरून गार होते त्या भांड्यात) आधीच चंदनाचं तेल ठेवतात, आणि वाफेतला सुगंध थेट त्यातच उतरतो. तेल वेगळं करायची भानगडच नाही! चंदन परवडणार नाही. साधं खोबरेल स्वतःचा वास घालेल आणि पुढे खवट होईल. फ्रॅक्शनेटेड खोबरेल (खोबरेलातला न गोठणारा भाग तेवढा वेगळा काढलेलं) मात्र बिनवासाचं, गारव्यातही न गोठणारं. गंमत म्हणजे दारात माड असून ते मुंबईहून मागवावं लागणार.

मालाबद्दल थोडक्यात. उटण्याची तयार पूड घेऊ नका, वास केव्हाच उडालेला असतो. अख्खी मुळं घ्या, मोडून हुंगा. एका दुकानदाराने मला अर्धी माती आणि मुळांचे केस तोलून दिले, त्याच्याकडे परत जाणे नाही. मिक्सरचं पातंही वाचवा, उखळात जाडसर भरड पुरते. नंतर रात्रभर भिजत.

म्हणजे मीठ रद्द, भपक्यात खोबरेल. आणि सुरंगी फुलली की आरवलीहून वळेसर (सुरंगीचे गजरे) आणून त्याच तेलावर फुलांचा एक हात देऊन बघायचा. खाली मोथा, वर सुरंगी. फ्रॅक्शनेटेड खोबरेल सुटं, लिटरभर देणारा कोणी माहीत असेल तर कळवा. सगळे पाच लिटरचा कॅनच गळ्यात मारतायत.